सुरतेतील एकखांबी संसार

सुरतेतील हिरेकामगारांसाठी गुजरात सरकारने मे २०२५ मध्ये साह्याची जी योजना जाहीर केली, तिचे स्वागत करण्यास आम्हाला कोणताही संकोच वाटत नाही. ३१ मार्च २०२४ नंतर ज्या रत्नकलाकाराचे काम सुटले त्याच्या मुलाची वर्षाची शाळेची फी साडेतेरा हजार रुपयांपर्यंत सरकारने भरावी आणि छोट्या कारखानदाराला कर्जाच्या व्याजात सवलत मिळावी, असे तिचे ढोबळ स्वरूप आहे. मंदी आली की कारखानदाराला सवलत आणि कामगाराला सहानुभूती, ही आपल्याकडची जुनी वाटणी. तीत या वेळी कामगाराच्या मुलाच्या फीचा विचार झाला, ही समाधानाची गोष्ट आहे. तथापि योजनेच्या अटी वाचताना एक माणूस सारखा डोळ्यांसमोर येतो आणि तो त्या अटींत कोठेही सापडत नाही. घरात कमावते माणूस एकच, तेच मुलांची आई आणि तेच बाप, आणि नेमके त्याचेच काम गेलेले. अशा घराची वेगळी ओळख या योजनेला नाही. आणि केवळ या योजनेलाच नाही असेही नव्हे.

सुरत हे नाव मराठी कानाला परके नाही. १६६४ आणि १६७० च्या दोन स्वाऱ्या आमच्या शाळकरी मुलांनाही पाठ असतात, आणि १९०७ च्या काँग्रेस अधिवेशनात मंडपात भिरकावला गेलेला दक्षिणी जोडा अजूनही व्याख्यात्यांना पुरतो. आजच्या मराठी माणसाचे सुरतेशी असलेले नाते मात्र अगदी उलट्या दिशेचे आहे. नंदुरबार, धुळे, जळगाव या जिल्ह्यांतून, कोरडवाहू शेतीची वाटणी पुरेनाशी झाली म्हणून, तापीच्या खोऱ्यातून जाणाऱ्या रेल्वेने तो रिकामी पिशवी घेऊन उधन्याला उतरतो. लिंबायत, डिंडोली, उधना या भागांत अहिराणी सर्रास कानी पडते आणि सुरत महापालिका मराठी माध्यमाच्या शाळा चालवते. तेव्हा सुरतेच्या बाजारात आलेली मंदी ही परराज्यातील बातमी म्हणून आपण आतल्या पानावर ढकलू शकत नाही.

सुरतेच्या उद्योगाची घडण समजल्याखेरीज तेथील बेकारीचे स्वरूप ध्यानात येत नाही. जगात पैलू पाडल्या जाणाऱ्या हिऱ्यांपैकी, नगांच्या संख्येने पाहिल्यास, दहातले आठ-नऊ या शहरातून जातात असे मानले जाते. ते घासणारे कारागीर प्रामुख्याने सौराष्ट्रातले. खानदेशी माणूस त्यांत थोडा, कापडाच्या धंद्यात अधिक. परंतु दोन्हीकडे मजुरीचा नियम एकच : नगावर पैसे. हिरा हातात आला तर मजुरी, नाही तर नाही. त्यामुळे मालकाला कोणालाही ‘कमी’ करावे लागत नाही. पाळी अर्धी होते, दिवाळीची सुट्टी लांबते, ऐन ऑगस्टमध्ये दहा दिवसांची जादा सुट्टी मिळते (२०२४ मध्ये एका बड्या कारखान्याने ती दिली होती), आणि मग एके दिवशी कारागिराच्या लक्षात येते की ही सुट्टी संपणारी नाही. २००८ मध्ये अमेरिकेतील बँका कोसळल्या तेव्हा हेच झाले. त्यानंतर सरकारने ‘रत्नदीप’ नावाची प्रशिक्षणाची योजना आणली, आणि हिऱ्यावर नजर बसलेल्या माणसाला दुसरा धंदा शिकवण्याचा प्रयत्न झाला. या वेळची कारणे वेगळी आहेत. रशियाच्या हिऱ्यांवर श्रीमंत राष्ट्रांनी २०२४ च्या आरंभी घातलेली बंदी, प्रयोगशाळेत वाढवलेल्या स्वस्त हिऱ्यांची स्पर्धा, चीनची आटलेली मागणी, आणि त्यावर दुष्काळात तेरावा महिना म्हणून ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने पन्नास टक्क्यांवर नेलेली जकात. डिसेंबर २०२३ मध्ये सुरतेत पंतप्रधानांच्या हस्ते हिरेबाजाराच्या प्रचंड इमारतीचे उद्घाटन झाले. जुलै २०२४ मध्ये त्याच शहरात हिरेकामगारांच्या संघटनेला आत्महत्येच्या विचारात असलेल्या कारागिरांसाठी दूरध्वनी मदतसेवा सुरू करावी लागली. या दोन घटनांमध्ये पुरते आठ महिनेही नाहीत.

हिरेकामगाराला निदान ‘रत्नकलाकार’ हे नाव आहे, संघटना आहे, आणि त्याची हाक गांधीनगरपर्यंत पोहोचते. साडीच्या धंद्यातील बाईला यांतले काहीही नाही. सुरतेची साडी यंत्रमागावर विणली जाते आणि गिरणीत रंगते हे खरे; पण तिला साडीचे रूप येते ते गल्लीबोळांतल्या खोल्यांतून. तिच्यावर टिकल्या चिकटवणे, काठाला लेस शिवणे, भरतकामाच्या मागचे लोंबते धागे कापणे, ही कामे बायका घरी बसून करतात. कंत्राटदाराचा माणूस सकाळी गठ्ठा टाकतो आणि झालेला गठ्ठा उचलतो. बाजार पडला की सर्वांत आधी थांबतो तो हा गठ्ठा. २०१६ च्या नोटाबंदीने तो थांबला, २०१७ च्या जुलैत वस्तू व सेवा कराविरुद्ध कापडबाजार आठवड्यामागून आठवडे बंद राहिला तेव्हा थांबला, २०२० च्या टाळेबंदीत तर प्रश्नच नव्हता. या बाईला कोणी कामावरून काढल्याचे सांगत नाही, कारण तिला कोणी कामावर घेतल्याचेही कधी सांगितलेले नसते. तिच्या भाषेत ‘काम गेले’ असा शब्दप्रयोगच नाही. ती म्हणते, ‘काम आले नाही’.

आता अशा घरात नवरा वारलेला आहे, किंवा सोडून गेलेला आहे, असे समजा. घरात दोघे कमावते असताना एकाचे काम गेले तर उत्पन्न निम्मे होते आणि एकच कमावते असेल तर ते शून्यावर येते, हे गणित कोणालाही समजेल. पण दुःख केवळ या गणितात नाही. काम शोधायला बाहेर पडावे तर लहान मूल कोणाच्या हवाली करायचे? यंत्रमागाच्या कारखान्यात बारा-बारा तासांच्या पाळ्या चालतात. शाळा अर्ध्या दिवसाची, अंगणवाडी त्याहूनही कमी वेळाची. मजुरांच्या नाक्यावर सकाळी लवकर उभे राहिले तर रोजगार मिळतो, आणि नेमक्या त्याच वेळी मुलाला उठवून, न्हाऊ घालून, डबा देऊन शाळेत धाडायचे असते. वाण्याची वही हेही एक न्यायासन आहे. ज्या घरात दुसरा कमावता हात आहे त्या घराला तो महिनाभर सांभाळून घेतो; एकटीच्या घराचे काम थांबल्याची कुणकुण लागली की त्याचा हात आखडतो, आणि त्यालाही दोष देता येत नाही. खोलीचे भाडे तुंबते. मंगळसूत्र गहाण पडते. ते सौभाग्याचे लेणे असले तरी या घरात ती अखेरची शिल्लक असते.

यानंतर जे घडते ते सर्वांत वाईट, आणि त्याची नोंद कोणतेच सरकार ठेवत नाही. थोरली मुलगी शाळेतून काढली जाते. कोणी तिला निर्दयपणे काढत नाही. ‘चार दिवस घरी राहा, धाकट्याला सांभाळ, मी काम बघून येते’ असे आई म्हणते. चार दिवसांचे चार महिने होतात. बारा वर्षांची पोर त्या घरातली दुसरी पालक बनते, आणि पुढे कंत्राटदाराचा गठ्ठा पुन्हा येऊ लागला की तोच गठ्ठा तिच्या मांडीवर जातो. महापालिकेच्या शाळेत फी नाही. साडेतेरा हजारांच्या साह्याने या मुलीच्या शाळेचा प्रश्न सुटत नाही, कारण तिची शाळा पैशाअभावी सुटलेलीच नाही. ती सुटली ती घरात दुसरे मोठे माणूस नाही म्हणून.

हे चित्र रंगवलेले वाटत असेल त्यांनी संयुक्त राष्ट्रांच्या महिला विभागाचा २०१९ चा अहवाल पाहावा. भारतातील सुमारे साडेचार टक्के घरे एकट्या आईवर चालतात, म्हणजे जवळजवळ एक कोटी तीस लाख संसार. आणि आईबाप दोघेही असलेल्या घरांत दारिद्र्याचे प्रमाण २२.६ टक्के असताना एकट्या आईच्या घरांत ते ३८ टक्के आहे, असे तो सांगतो. हे आकडे महासाथीच्या आधीचे आहेत, हे येथे नमूद केले पाहिजे.

कायद्याने या माणसासाठी काहीच केलेले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. कर्मचारी राज्य विमा योजनेत बेकारी भत्त्याची तरतूद २००५ पासून आहे. २०१८ मध्ये ‘अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना’ आली आणि २०२० मध्ये तिचा भत्ता निम्म्या वेतनापर्यंत वाढवण्यात आला. तो नव्वद दिवसांपर्यंत, आणि आयुष्यात एकदाच. परंतु त्यासाठी विमा क्रमांक हवा, म्हणजे मालकाने वर्गणी भरलेली हवी, म्हणजे मालकाने हा माणूस आपला आहे असे कधीतरी कबूल केलेले हवे. पाळणाघराची कथाही तीच. तीसहून अधिक स्त्रिया कामाला असतील तर पाळणाघर ठेवावे, असे बंधन १९४८ च्या कारखाने कायद्यात पुढे घातले गेले. नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या नव्या कामगार संहितांनी हा आकडा पन्नास कामगारांचा केला. पण सुरतेचा कंत्राटदार शंभर बायकांना काम देतो ते शंभर घरांत वाटून. त्याच्या एका छपराखाली कायदा मोजू शकेल असे कोणी नसतेच. घरबसल्या काम करणाऱ्यांसाठी आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९९६ मध्ये स्वतंत्र करार केला. त्यामागे अहमदाबादच्या इला भट्ट आणि त्यांच्या ‘सेवा’ या संघटनेची मोठी खटपट होती. ज्या देशातील, किंबहुना ज्या राज्यातील, एका स्त्रीने हा विषय जगाच्या वेशीवर टांगला त्या देशाने त्या करारावर आजवर मान्यतेची मोहोर उठवलेली नाही. याला काय म्हणावे?

राहता राहिले पेन्शन. गुजरातेत विधवांना मिळणाऱ्या साह्याचे नाव ‘गंगा स्वरूपा’ असे आहे. लग्नपत्रिकेवर ‘गं. भा.’ ही अक्षरे पाहत वाढलेल्या मराठी वाचकाला त्या नावाचा वास लगेच ओळखू येईल. २०२३ मध्ये महाराष्ट्राच्या मंत्रालयातही विधवांना ‘गंगा भागीरथी’ म्हणावे अशी एक सूचना निघाली होती आणि टीका होताच विरून गेली. नावापेक्षा रकमेकडे लक्ष देणाऱ्यांसाठी सांगायचे तर २०१९ मध्ये ती दरमहा साडेबाराशे रुपये करण्यात आली, आणि मुलगा एकवीस वर्षांचा झाला की साह्य बंद करण्याची जी विचित्र अट होती ती काढण्यात आली. ही सुधारणा चांगलीच होती. पण जिचा नवरा जिवंत आहे आणि बेपत्ता आहे, तिने काय करावे? ती विधवा नाही, घटस्फोटितही नाही. सरकारदप्तरी ती सौभाग्यवती. महाराष्ट्रात १९८० साली, आमच्या कोकणचे बॅरिस्टर अंतुले मुख्यमंत्री असताना, संजय गांधी निराधार योजना सुरू झाली. तीत घटस्फोटाच्या वाटेवर असलेल्या आणि पोटगी न मिळणाऱ्या स्त्रीलाही काही जागा आहे. परंतु नंदुरबारची बाई सुरतेत राहते म्हणून महाराष्ट्राच्या रहिवासाच्या अटीत ती बसत नाही, आणि सुरतेत भाड्याच्या खोलीत राहते, करारनामा नाही, म्हणून गुजरातचा दाखला तिला मिळत नाही. इकडे आड तिकडे विहीर! शिधापत्रिका आता देशभर कोठेही चालते. रेशनचा गहू राज्याची सीमा ओलांडू शकतो, निराधाराचे साह्य मात्र ओलांडू शकत नाही.

एकट्या बापाचा तर कोणी विचारही करत नाही. बायको वारलेला, दोन मुले पदरी असलेला, घंटीवर हिरा घासणारा कारागीर ही सुरतेत दुर्मीळ व्यक्ती नव्हे. त्याला ‘पुन्हा लग्न कर’ हा सल्ला मिळतो, आणि समाजाची जबाबदारी तेथे संपते. हरियाणाने २०२३ मध्ये अल्प उत्पन्नाच्या विधुरांना मासिक साह्य सुरू केले तेव्हा अनेकांनी त्याची थट्टा केली. आम्हाला त्यात थट्टेसारखे काही दिसत नाही.

आमच्या किनाऱ्याला या दुःखाची ओळख करून देण्याची गरज नसावी. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या अडीच लाख गिरणी कामगारांचा संप सुरू झाला आणि रत्नागिरी-सिंधुदुर्गातील वाड्यांवर पोस्टमनची वाट पाहण्याचे दिवस आले. ती मनीऑर्डर कित्येक घरांत पुन्हा आलीच नाही. गिरण्यांचे काम पुढे ज्या यंत्रमागांकडे गेले त्यांत भिवंडी होती तशी सुरतही होती. गोमंतकात २०१२ आणि २०१८ मध्ये खाणी बंद पडल्या तेव्हा ट्रकमालकांचे मोर्चे निघाले, त्यांना साह्यही झाले. पण ट्रकचालकांना जेवण घालून आपली पोरे वाढवणाऱ्या बाईची गणना खाणीवर अवलंबून असणाऱ्यांत झाली की नाही, याची चौकशी कोणी केली? याच किनाऱ्यावरून, गोवामुक्तीच्या लढ्यातून, मुंबईत गेलेल्या प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये गिरणगावातील खानावळवाल्या बायकांचे अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले. त्या बायका शेकडो कामगारांना उधारीवर जेवू घालत होत्या आणि स्वतः सावकाराच्या व्याजात बुडत होत्या. पुरवबाईंनी त्यांना राष्ट्रीयीकृत बँकेच्या दारात नेले. तेथे पहिल्यांदा असे मानले गेले की ही बाई ‘घरकाम’ करत नसून धंदा करते. कर्ज मिळाले ते या मान्यतेमुळे. तिचा स्वयंपाक आधीही तोच होता.

सुरतेच्या बाबतीत आमचे म्हणणे नेमके हेच आहे. मदतीची रक्कम वाढवण्याआधी नोंद करायला शिका. साडीच्या गाठी ट्रकमध्ये चढून परराज्यात निघाल्या की त्यांच्यासोबत बिल लागते, क्रमांक लागतो, वाटेत तपासणी होते. त्याच साडीचा गठ्ठा बाईच्या खोलीत जातो आणि परत येतो तेव्हा चिठ्ठीचा एक कपटाही नसतो. कंत्राटदाराने आपले नाव, नगांची संख्या आणि दर लिहिलेली पावती प्रत्येक गठ्ठ्यासोबत दिली पाहिजे, एवढा एक नियम जरी केला तरी काम होते याचा पुरावा निर्माण होईल, आणि ज्याचा पुरावा आहे ते गेल्याचाही पुरावा देता येईल. नव्या संहितेने घरबसल्या काम करणाऱ्याची व्याख्या केली आहे; व्याख्येला पावतीची जोड मिळाली नाही तर ती पुस्तकातच राहील. व्यापारी म्हणतील, धंदा आधीच मंदीत आहे, हा जाच कशाला. परंतु कराच्या जाचाला सुरतेच्या व्यापाऱ्याने २०१७ नंतर आपल्या वहीत जागा करून दिलीच ना?

दुसरी गोष्ट घरांच्या गणनेची. हे अशक्य आहे असे सुरतेने तरी म्हणू नये. सप्टेंबर १९९४ मध्ये प्लेगच्या भीतीने लाखो माणसे ज्या शहरातून पळाली, तेच शहर १९९५ मध्ये आयुक्त म्हणून आलेल्या एस. आर. राव यांच्या कारकिर्दीत देशातील स्वच्छ शहरांत गणले जाऊ लागले. अधिकारी रोज सकाळी कचेरी सोडून गल्लीत उभे राहत, एवढ्या साध्या शिस्तीने ते घडले. जी महापालिका प्रत्येक गल्लीतील उकिरडा मोजू शकली तिला आपल्याच शाळांच्या पटावरून, एकट्या पालकाची मुले किती आणि त्यांतली गेल्या तीन महिन्यांत गैरहजर किती, हे मोजता येणार नाही काय? त्या पटावरच्या मुलांसाठी शाळा सुटल्यावर संध्याकाळी सातपर्यंत तेथेच बसण्याची सोय करावी. खोल्या आहेत, शिपाई आहे, दुपारचे जेवण आहेच. बारा वर्षांच्या मुलीला धाकट्या भावासाठी घरी बसावे लागणार नाही, आणि आईला पूर्ण पाळीचे काम धरता येईल.

‘सरकारने किती जणांना पोसायचे’ हा प्रश्न अशा वेळी हटकून येतो, आणि ‘नातेवाईक कशासाठी असतात’ हा त्याचा जोडीदार. नातेवाईक गावी असतात, आणि ते स्वतःच पावसाकडे डोळे लावून बसलेले असतात. पोसण्याविषयी बोलायचे तर जर्मनीत १९८० पासून असा कायदा आहे की मुलाला पोटगी देणे बाप टाळत असेल तर सरकार ती आधी मुलाला देते आणि मागाहून बापाकडून वसूल करते. आपल्याकडे पोटगीचा दावा बाईने लावायचा, तारखांना बाईने जायचे आणि त्या दिवसाची मजुरीही बाईनेच बुडवायची. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२० मध्ये पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यावी असा निर्णय दिला. पण नवराच सापडत नसेल तर तारीख कोणतीही धरा, हाती काय येणार? जर्मनीइतका पैसा आपल्यापाशी नाही हे मान्य. मात्र पळालेल्या माणसाचा माग काढण्याची साधने सरकारपाशी आहेत, टाकून दिलेल्या बाईपाशी नाहीत, ही वस्तुस्थिती जर्मनीत आणि लिंबायतेत सारखीच आहे.

यांतले पावतीचे काम गुजरात सरकारचे, शाळेचे काम सुरत महापालिकेचे. निराधार स्त्रीचे साह्य ती जेथे राहते तेथे मिळावे, यासाठी मात्र महाराष्ट्रानेच पुढाकार घेतला पाहिजे, कारण या बाया त्याच्या आहेत. दिल्लीच्या कायद्याची वाट पाहण्याचेही कारण नाही. नंदुरबार आणि सुरत या दोन जिल्ह्यांच्या अधिकाऱ्यांनी एका टेबलाशी बसून एकमेकांचे दाखले ग्राह्य धरण्याचे ठरवावे. सकाळच्या गाडीने निघाले तर दुपारच्या आत ते एकमेकांना भेटू शकतात.